सोनेरी सिंह टॅमरिन: पिंजऱ्यातल्या पैदाशीपासून जंगलापर्यंत, पायरीपायरीने

सोनेरी सिंह टॅमरिन हे माकड जेमतेम अर्धा-पाऊण किलो वजनाचं. ब्राझीलच्या रिओ दि जानेरो राज्यातली किनाऱ्यालगतची सखल जंगलं सोडली, तर रानात ते दुसरीकडे कुठेही सापडत नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला रानात 200 च्या आसपास उरली असावीत असा अंदाज होता. प्राणिसंग्रहालयांत 70 च्या घरात होती आणि तिथे जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होत होते. 2023 च्या गणनेत रानातला आकडा सुमारे 4,800 निघाला. मधल्या काळात काय काय करावं लागलं, त्यातलं काय उपयोगी पडलं आणि काय वाया गेलं, ते कामाच्या क्रमाने इथे मांडतो आहे. प्राणिसंग्रहालयात नव्याने लागलेले कीपर, पशुवैद्यकाचे विद्यार्थी आणि वन्यजीवांच्या कामात उतरू पाहणारे, या सगळ्यांना ते उपयोगी पडावं. यातल्या बऱ्याच गोष्टी इतर टॅमरिन आणि मार्मोसेट माकडांनाही लागू पडतात. जिथे फरक आहे तिथे तसं सांगितलं आहे.

हे घरी माकड पाळण्याचं मार्गदर्शन नाही, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. हा प्राणी सायटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्यामुळे त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे. आणि तसाही एकटा टॅमरिन घरात नीट जगत नाही, हे पुढे वाचताना कळेलच.

पहिली पायरी: माकड कोणाचं, ते ठरवा

पिंजरा बांधायच्या आधी कागद तयार हवेत. या प्रजातीचं नशीब पालटलं ते 1972 साली वॉशिंग्टनमध्ये भरलेल्या परिषदेनंतर. ब्राझीलमध्ये अदेल्मार कोइम्ब्रा-फिल्यो हे जीवशास्त्रज्ञ त्याच्या कितीतरी आधीपासून धोक्याची घंटा वाजवत होते. परिषदेनंतर निरनिराळ्या संग्रहालयांतली माकडं एकाच कळपाची आहेत असं धरून काम सुरू झालं. वॉशिंग्टनच्या संग्रहालयातल्या प्राणिशास्त्रज्ञ डेव्हरा क्लायमन यांनी 1974 पासून वंशावळीची नोंदवही, म्हणजे स्टडबुक, सांभाळायला घेतलं. प्रत्येक प्राण्याला क्रमांक, आई-बापांचे क्रमांक, जन्म, बदली, मृत्यू आणि मृत्यूचं कारण, सगळं त्या एका वहीत.

पुढे 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला संग्रहालयांनी या माकडांवरची मालकी ब्राझील सरकारकडे सोपवली. आज जगातल्या कुठल्याही संग्रहालयात हा प्राणी असला, तर तो ब्राझीलकडून उसना घेतलेला असतो. विक्री नाही, खरेदी नाही, परस्पर देवाणघेवाण नाही. कुठली जोडी जुळवायची आणि कुठली नाही, हे नोंदवही सांभाळणारे सांगतात. संग्रहालयाला 'आमच्याकडे यंदा पिल्लं हवीत' असं म्हणता येत नाही. दुसऱ्या एखाद्या छोट्या माकडावर काम सुरू करायचं असेल, तर ही घडी आधी बसवा. नंतर बसवायला गेलं की प्रत्येक जण आपापल्या जोडीला चिकटून बसतो.

दुसरी पायरी: जागा

रानात हे माकड झाडांच्या मधल्या थरात, वेलींच्या गुंत्यात वावरतं आणि रात्री झाडाच्या ढोलीत झोपतं. त्यामुळे पिंजऱ्याची जमीन किती मोठी आहे यापेक्षा उंची किती आहे हे बघा. फांद्या वेगवेगळ्या जाडीच्या, काही घट्ट बांधलेल्या आणि काही मुद्दाम डुलणाऱ्या ठेवा. डुलणाऱ्या फांद्यांचं महत्त्व जंगलात सोडायची वेळ आल्यावर कळतं. तापमान साधारण 20 ते 27 अंशांत राहावं, हवेत ओल असावी आणि थंड प्रदेशात आतली ऊबदार खोली असल्याशिवाय या फंदात पडू नये.

झोपायची पेटी हे या पिंजऱ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं सामान. सगळं कुटुंब एकत्र मावेल एवढी पेटी, उंचावर, आणि किमान दोन. पेटीचं दार बाहेरून सरकवून बंद करता यावं आणि पेटी उचलून नेता यावी, अशी ती बनवून घ्या. मग तपासणीच्या दिवशी जाळं घेऊन माकडांमागे धावावं लागत नाही. पहाटे, ती बाहेर पडण्याआधी दार सरकवायचं आणि अख्खं कुटुंब पशुवैद्याच्या टेबलावर न्यायचं. ज्यांनी जाळ्याने पकडलेल्या टॅमरिनची धाप पाहिली आहे, ते या दाराचा खर्च कधीच वाचवत नाहीत.

साफसफाईत अति उत्साह नको. ही माकडं छातीवरच्या आणि शेपटीखालच्या ग्रंथी फांद्यांवर घासून वास सोडतात. तो वास म्हणजे 'हे घर आमचं' असा त्यांचा फलकच. सगळ्या फांद्या एकाच दिवशी जंतुनाशकाने धुतल्या तर कुटुंब बेचैन होतं, जास्त वास सोडत सुटतं आणि भांडणांना निमित्त मिळतं. आज अर्ध्या फांद्या, पुढच्या वेळी उरलेल्या, असं करा. आणि शेजारच्या पिंजऱ्यात दुसरं टॅमरिन कुटुंब असेल तर मध्ये आडोसा हवाच. हद्दीबाबत हे प्राणी कडक असतात, दिवसभर शत्रू समोर दिसत राहिला तर पिल्लांकडे लक्ष राहत नाही.

तिसरी पायरी: खाणं

सुरुवातीच्या काळात संग्रहालयं या माकडांना फळखाऊ समजून भरमसाट फळं द्यायची. हाडं मऊ पडायची, पिल्लं दगावायची. रानात त्यांचा बराच वेळ किडे, कोळी, छोटे बेडूक आणि सरडे शोधण्यात जातो. लांब, बारीक बोटं झाडाच्या सालीच्या फटीत आणि ब्रोमेलिया वनस्पतींच्या पानांच्या बेचक्यात घालून ते भक्ष्य ओढून काढतात. म्हणजे आहारात प्राणिज प्रथिनं हवीत.

दुसरी गोष्ट ड जीवनसत्त्वाची. अमेरिका खंडातल्या माकडांना डी-3 लागतं, वनस्पतींतून मिळणाऱ्या डी-2 चा त्यांना फारसा उपयोग होत नाही. उन्हात बसायला मिळत नसेल तर आहारातून डी-3 आणि पिंजऱ्यात अतिनील-बी किरण देणारा दिवा, दोन्ही बघावं लागतं. क जीवनसत्त्वही त्यांचं शरीर स्वतः तयार करत नाही.

सकाळी भूक कडकडीत असते, तेव्हा तयार प्रायमेट खाद्य द्या आणि फळं नंतर. क्रम उलटा केला की गोड खाऊन पोट भरतं आणि खाद्य तसंच पडून राहतं. बाजारातली फळं रानफळांपेक्षा जास्त गोड आणि कमी चोथ्याची असतात, तेव्हा हात आखडताच बरा. नाकतोडे, रातकिडे, मीलवर्म द्यायचे ते आधी कॅल्शियमयुक्त खाद्यावर पोसून, कारण किड्यांत कॅल्शियम कमी असतं. आणि ते ताटलीत वाढू नका. ओंडक्याच्या भोकांत, सालीखाली, पानांच्या गुच्छात लपवा. खाणं तीन-चार ठिकाणी विभागून ठेवलं तर दांडगी मंडळी सगळ्यावर कब्जा करत नाहीत.

एक पदार्थ मात्र कटाक्षाने टाळायचा: उंदराची पिल्लं. प्रथिनं म्हणून ती दिली जायची आणि 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या संग्रहालयांत त्यातून यकृताची जीवघेणी साथ पसरली. मूळ होतं उंदरांतला एक विषाणू.

चौथी पायरी: जोडी जुळवा, पण सांभाळायचं आहे कुटुंब

माझ्या मते अख्खा कार्यक्रम इथे तरतो किंवा बुडतो. सुरुवातीला लोक इतर माकडांसारखाच विचार करत होते: एक नर, चार-पाच माद्या, एकत्र ठेवा, पिल्लं होतील. प्रत्यक्षात माद्या एकमेकींच्या जिवावर उठल्या. टॅमरिनच्या कुटुंबात साधारणपणे एकच मादी पिल्लं देते. बाकीचे, म्हणजे बाप आणि मोठी भावंडं, पिल्लं पाठीवर वागवतात आणि आपल्या तोंडचा घास देतात.

नवी जोडी जुळवताना आधी जाळीच्या दोन बाजूंना ठेवून काही दिवस एकमेकांचा वास आणि आवाज ओळखीचा होऊ द्या. मग लक्ष ठेवून एकत्र सोडा. नर-मादी सहसा पटकन जमवून घेतात. एकमेकांची केसं विंचरणं आणि एकाच पेटीत झोपणं सुरू झालं की समजा गाडी रुळावर आहे.

गर्भ साधारण 125 ते 130 दिवसांचा. बहुतेक वेळा जुळी होतात, अंगभर केस असलेली आणि डोळे उघडे असलेली. जन्माच्या आसपास पेटी उघडून बघायचा मोह आवरा. पहिल्या दिवशी दुरून एवढंच पाहायचं: पिल्लं पाठीच्या केसांना घट्ट धरून आहेत का, शेपटी लोंबकळते आहे की अंगाला चिकटलेली आहे, आणि दूध पिताना दिसतात का. दोन-तीन आठवडे ती मुख्यतः आईच्या पाठीवर असतात. मग हळूहळू बदल दिसू लागतो. आई कंटाळली की फांदीला पाठ घासते, वळून पिल्लाला हलकेच चावते. पिल्लू चिरकतं आणि जवळ टेकून बसलेल्या बापाच्या पाठीवर जातं. ही देवघेव सुरळीत चालली असेल तर तुम्हाला करण्यासारखं काही नाही. पिल्लू जमिनीवर पडलेलं दिसलं आणि कोणी उचलायला आलं नाही, तरच पुढे व्हायचं.

पाचव्या आठवड्यापासून पिल्लं मोठ्यांच्या हातातलं हिसकावू लागतात आणि मोठे हिसकावू देतात. पुढे तर प्रौढ माकड विशिष्ट आवाज काढून पिल्लाला बोलावतं आणि भक्ष्य लपलेली जागा दाखवतं, पण काढून देत नाही. काढायचं काम पिल्लाचं. तीन महिन्यांच्या सुमारास दूध सुटतं.

आता मुख्य मुद्दा. दूध सुटलं की पिल्लं वेगळी काढायची घाई बऱ्याच संग्रहालयांनी केली. जागा मोकळी होते आणि आई लवकर पुन्हा गाभण राहते. पण अशी वेगळी वाढलेली माकडं स्वतः आई-बाप झाली की पिल्लाला पाठीवर घ्यायलाच तयार नव्हती. लहान भावंडं वागवूनच ते शिकायचं असतं, दुसरी शाळा नाही. म्हणून प्रत्येक पिल्लाने किमान एका पुढच्या बाळंतपणात भाग घेतलाच पाहिजे. बाटलीने वाढवलेल्या पिल्लांचंही असंच होतं. तिळी झाली आणि एक मागे पडलं, तर त्याला कुटुंबातच ठेवून वरचं दूध पाजायचा प्रयत्न आधी करा.

याची दुसरी बाजू म्हणजे वयात आलेल्या मुली. मादी दीड वर्षाची झाली की पिल्लं द्यायला सक्षम होते. मार्मोसेटमध्ये आईच्या सहवासात मुलीचं बीजांड बाहेर पडणं बऱ्याचदा थांबतं. सोनेरी सिंह टॅमरिनमध्ये ते चालूच राहतं, त्यामुळे आई-मुलीत किंवा बहिणी-बहिणींत ठिणगी पडायला वेळ लागत नाही. आयाळ फुलवून पाठीची कमान करून चालणं, वास सोडण्याचा सपाटा, मुलीचं पिंजऱ्याच्या खालच्या कोपऱ्यात एकटीने बसणं, शेपटीचे केस गेलेले दिसणं, ही लक्षणं. संध्याकाळी सगळे पेटीत जातात तेव्हा मोजदाद करा. एखादी मुलगी बाहेरच राहिली, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. रिकामा पिंजरा कायम तयार ठेवायचा तो याच क्षणासाठी. आणि आईने एकदा हाकललेल्या मुलीला 'समेट होईल' या आशेने परत आत सोडायचं नाही. सहसा समेट होत नाही, जीव जातो.

पाचवी पायरी: आजार, मुख्यतः आपल्यामुळे होणारे

ओठावर साधा फोड आलेला कीपर टॅमरिनला मारू शकतो. माणसात किरकोळ असलेला हर्पीस विषाणू या माकडांत प्राणघातक ठरतो. गोवर आणि क्षयाचंही तसंच. सर्दी-तापात किंवा ओठावर फोड असताना कामावर येऊ नये, असा नियम असावा आणि त्यासाठी पगार कापला जाऊ नये. पगार कापला की लोक फोड लपवतात, हे सांगायला तज्ज्ञ नको.

मांजराच्या विष्ठेतून येणारा टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी, उंदरांमुळे येणारा येर्सिनिया हा जिवाणू आणि झुरळं खाल्ल्याने आतड्यात शिरणारे काटेरी डोक्याचे कृमी, हे तिन्ही धोके पिंजऱ्याच्या फटी बुजवून आणि खाद्याची खोली बंदिस्त ठेवून बरेच टळतात. नवीन प्राणी आला की विलगीकरण, विष्ठेची तपासणी, मायक्रोचिप. आठवड्याला वजन. त्यासाठी तराजूवर फांदी बसवा आणि वर केळ्याचा तुकडा ठेवा, माकडं आपणहून येतात. वजन उतरू लागणं हे बहुतेक आजारांचं पहिलं लक्षण. या प्रजातीत पिंजऱ्यातल्या काही घराण्यांत श्वासपटलाला जन्मजात भोक असल्याचंही आढळलं आहे, म्हणून मेलेल्या प्रत्येक माकडाचं शवविच्छेदन झालं पाहिजे आणि निष्कर्ष नोंदवहीत गेला पाहिजे.

सहावी पायरी: पैदास थांबवायला शिका

वरच्या गोष्टी जमल्या की संख्या भराभर वाढते. 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत संग्रहालयांत सुमारे 400 टॅमरिन झाली होती आणि अडचण उलटी झाली. काही मोजक्या जोड्यांची संतती सगळीकडे आणि बाकीच्यांची नावापुरती. अशाने अंतःप्रजनन वाढतं.

यावरचा उपाय हिशेबाचा आहे. प्रत्येक प्राण्याचं उरलेल्या सगळ्या कळपाशी सरासरी किती नातं आहे ते काढायचं. ज्याचे नातेवाईक कमी, त्याला पैदाशीत आधी संधी. ज्याची भावंडं आणि भाचरं ढीगभर, त्याने थांबायचं. 100 वर्षांनंतरही मूळ जनुकीय विविधतेपैकी 90 टक्के टिकावी, हे अशा कार्यक्रमांचं ठरलेलं लक्ष्य असतं. आज जगभरात सुमारे 150 संग्रहालयांत मिळून 500 च्या आसपास टॅमरिन मुद्दाम त्याच संख्येवर राखली जातात.

थांबवण्यासाठी मादीला संप्रेरकाचं इम्प्लांट बसवतात. कुटुंब तसंच एकत्र राहतं, हा त्याचा मोठा फायदा. इम्प्लांट काढल्यावर पिल्लं कधी होतील याची मात्र खात्री देता येत नाही, म्हणून जनुकीयदृष्ट्या मोलाच्या मादीवर ते वापरताना दहादा विचार करा. प्रेक्षकांना पिल्लं आवडतात आणि व्यवस्थापनाला प्रेक्षक आवडतात, त्यामुळे ही पायरी कागदावर सोपी आणि प्रत्यक्षात सगळ्यात वादाची.

सातवी पायरी: जंगलात सोडणं

1984 पासून पुढची पंधरा-सोळा वर्षं संग्रहालयांतली सुमारे 150 टॅमरिन ब्राझीलच्या जंगलात सोडली गेली. या कामाची सूत्रं वॉशिंग्टनच्या संग्रहालयातल्या बेंजामिन बेक यांच्याकडे होती. सुरुवातीला सोडलेल्यांतली बरीचशी मेली. त्यांना डुलणाऱ्या फांदीवरून चालता येईना, खालचा रस्ता धरून वळसा घालावा हे सुचेना, सोललेलं नसलेलं फळ खाण्यासारखं आहे हेच कळेना.

मग सोडण्याआधी प्रशिक्षण सुरू झालं. लपवलेलं अन्न शोधायला लावणं, फांद्यांची मांडणी सतत बदलणं. वॉशिंग्टनच्या संग्रहालयात तर काही कुटुंबं उन्हाळ्यात मोकळ्या झाडांवर सोडली जायची. अपेक्षा अशी की ती रानात जास्त टिकतील. आकडेवारी तपासली तेव्हा आधीच्या प्रशिक्षणाने जगण्यात फारसा फरक पडलेला दिसला नाही. फरक पडला तो सोडल्यानंतरच्या मदतीने: जंगलात टांगलेल्या पेट्या, रोज ठेवलेलं अन्न, चुकलेल्याला शोधून परत कुटुंबात आणणं, जखमीवर उपचार, आणि हे सगळं महिनोन्‌महिने. शिवाय वयाने लहान माकडं लवकर शिकली, आणि सोडलेल्यांना रानात झालेली पिल्लं तर त्यांच्या आई-बापांपेक्षा खूपच चांगली जगली.

म्हणून पैशाचं नियोजन करताना प्रशिक्षणाच्या पिंजऱ्यावर कमी आणि सोडल्यानंतरच्या माणसांवर जास्त खर्च धरा. एकेकटं माकड सोडू नका, जमलेलं कुटुंब सोडा. काहींच्या गळ्यात रेडिओ कॉलर, सगळ्यांच्या मांडीवर गोंदलेला क्रमांक आणि दुरून ओळखू यावं म्हणून शेपटीवर रंगाचे पट्टे.

आणि मनाला येईल तिथे, येईल ते सोडायचं नाही. रिओजवळच्या नितेरॉयच्या जंगलात कोणीतरी खाजगी संग्रहातले सोनेरी डोक्याचे सिंह टॅमरिन सोडले. ही बाहिया राज्यातली जवळची प्रजाती. त्यांची संख्या इतकी वाढली की संकर होण्याची भीती निर्माण झाली. शेवटी ती शेकड्यांनी पकडून बाहियात परत नेऊन सोडावी लागली.

आठवी पायरी: त्यांना राहायला जंगल

एका कुटुंबाला सरासरी 45 हेक्टर जंगल लागतं. कुटुंबं किती मावतील हा भागाकार कोणीही करू शकतो, आणि अडचण तिथेच आहे. 1974 मध्ये पोसो दास आंतास हे राखीव जंगल घोषित झालं, पण भोवती कुरणं, शेतं, रस्ते आणि जंगलाचे सुटे तुकडे. त्या तुकड्यांत अडकलेली सहा कुटुंबं 1994 ते 1998 या काळात पकडून उनियांव या मोठ्या जंगलात हलवली. त्यांची तिथे भरभराट झाली आणि 1998 मध्ये त्या जंगलालाही संरक्षण मिळालं. माझ्या मते हा सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय होता, कारण रानातल्या माकडाला रान शिकवावं लागत नाही. सोडण्याची योजना आखण्याआधी अडकलेली कुटुंबं हलवता येतील का, ते बघा.

सोडलेली बरीच माकडं खाजगी शेतमळ्यांवरच्या जंगलात गेली. म्हणजे जमीनमालक तयार हवेत. 1983 पासून आसपासच्या गावांत, शाळांत, मळ्यांवर बोलणं सुरू झालं होतं. 1992 मध्ये स्थानिक संस्था स्थापन झाली: असोसिआसांव मिको-लेयांव-दोरादो, म्हणजे सोनेरी सिंह टॅमरिन संघटना. तुकडे जोडण्यासाठी झाडांचे पट्टे लावणं, रोपवाटिका चालवणं, गणना करणं, ही कामं ती करते. बीआर-101 या महामार्गाने जंगल दुभंगलं होतं. त्यावर झाडं लावलेला पूल 2020 मध्ये पूर्ण झाला. 25,000 हेक्टर जोडलेल्या, संरक्षित जंगलात किमान 2,000 टॅमरिन, हे या संस्थेने ठरवलेलं उद्दिष्ट. इथे फक्त डोकी मोजून भागत नाही, जंगल एकसंध असणं ही अटच आहे.

2003 मध्ये ही प्रजाती धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' या गटातून एक पायरी खाली 'संकटग्रस्त'मध्ये आली. 2014 मध्ये रानात सुमारे 3,700 होती. मग 2017-18 मध्ये पीतज्वराची (यलो फिव्हरची) साथ आली आणि आकडा 2,500 च्या आसपास घसरला. माणसांसाठीची लस या माकडांसाठी जुळवून घेऊन, केळ्याच्या आमिषाने पिंजऱ्यात पकडून, टोचून पुन्हा त्याच जागी सोडण्याचं काम सुरू झालं, आणि अशी शेकडो टॅमरिन टोचली गेली. अशा साथीत रानातली सगळी गेली असती, तर पुन्हा सुरुवात संग्रहालयांतल्या त्या 500 पासूनच करावी लागली असती. त्यांना सध्या रानात सोडलं जात नाही, तशी गरजही नाही. म्हणून आज तुमच्या ताब्यात एखादं टॅमरिन कुटुंब असेल, तर पिल्लं वागवणाऱ्या भावंडांना त्यांच्या वेळेआधी वेगळं काढू नका आणि नोंदवही अद्ययावत ठेवा.